दुरुस्तीनंतर ट्रॅक्टरचा क्लच सुटत नसेल तर

तुमसर तालुक्यात भाताच्या रोवणीस मिळणारा काळ थोडा असतो. पाऊस सुरू होताच पऱ्हे टाकावयाचे, बांधीत पाणी साचले म्हणजे चिखलणी करावयाची आणि पऱ्हे तीन-चार आठवड्यांचे आहेत तोवर रोवणी उरकावयाची, असा येथील क्रम आहे. पऱ्ह्यांचे वय वाढले की रोवणीनंतर फुटवे कमी येतात आणि ही तूट पुढे कितीही खत दिले तरी पुरती भरून निघत नाही. पूर्वी चिखलणीचे सारे काम बैलजोडीवर होत असे. आता वैनगंगेच्या काठापासून नाकाडोंगरीच्या बाजूपर्यंत ते पुष्कळ ठिकाणी ट्रॅक्टरला रोटाव्हेटर किंवा लोखंडी चाके लावून केले जाते. ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे तो स्वतःच्या बांध्यांबरोबर शेजाऱ्यांच्या बांध्याही भाड्याने चिखलून देतो. त्यामुळे ऐन हंगामात एक ट्रॅक्टर उभा राहिला तर अनेक घरांची रोवणी खोळंबते.

चिखलणीत क्लचवर ताण फार पडतो. बांधी लहान असते, प्रत्येक धुऱ्याशी ट्रॅक्टर वळवावा लागतो आणि प्रत्येक वळणावर क्लच दाबला जातो. म्हणून कित्येक मालक हंगामापूर्वीच नवी क्लच प्लेट बसवून घेतात. ही दूरदृष्टी योग्यच होय. परंतु दुरुस्ती होऊन आलेल्या ट्रॅक्टरविषयी पुढील तक्रार नेहमीची आहे : पेडल पार खाली दाबले तरी गिअर पडत नाही, करकर आवाज होतो, आणि जोर करून गिअर टाकलाच तर पेडल दाबलेले असूनही ट्रॅक्टर पुढे सरकतो. अशा वेळी ‘नवा माल आहे, चालता चालता बसेल’ असे उत्तर मिळते. हे उत्तर मान्य करू नये. नवी प्लेट चालता चालता बसते हे खरे. पण बसल्याने तिची पकड सुधारते, तिचे सुटणे सुधारत नाही. जो क्लच पहिल्या दिवशी सुटत नाही त्यात काही तरी उलटे जोडलेले, चुकीचे मापलेले किंवा अडकलेले असते.

याच्या उलट दुसरी चूक म्हणजे लगेच ट्रॅक्टर पुन्हा खोलणे. क्लचपर्यंत पोहोचण्यासाठी इंजिन व गिअरबॉक्स हे दोन भाग एकमेकांपासून वेगळे करावे लागतात. त्यात मजुरी जाते, वेळ जातो, आणि दोष बाहेरच्या एखाद्या दांडीत असेल तर हे सारे व्यर्थ ठरते. यासाठी तपासणी नेहमी पेडलापासून सुरू करून आत आत न्यावी.

क्लच सुटतो म्हणजे काय

इंजिनच्या मागील टोकास फ्लायव्हील असते. त्यावर क्लच प्लेट टेकलेली असते व तिच्या पाठीमागे स्प्रिंगांच्या जोराने दाबणारी प्रेशर प्लेट असते. क्लच प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवरील खाचांत बसविलेली असते. ती शाफ्टबरोबर फिरते, पण त्याच्यावर मागे-पुढे सरकू शकते. पेडल वर असताना ती फ्लायव्हील व प्रेशर प्लेट यांच्यामध्ये चिमटीत धरली जाते आणि इंजिनची शक्ती गिअरबॉक्सकडे जाते. पेडल दाबले म्हणजे दांड्या व फोर्क यांच्या साह्याने रिलीज बेअरिंग पुढे सरकते, ते प्रेशर प्लेटच्या फिंगरांना दाबते, प्रेशर प्लेट मागे उचलली जाते आणि प्लेट मोकळी होते.

प्रेशर प्लेटची ही उचल फार थोडी असते हे लक्षात ठेवावे. उदाहरणादाखल, एखाद्या ट्रॅक्टरचे पेडल एकंदर १५० मिलिमीटर खाली जाते, पैकी पहिले २५ मिलिमीटर मोकळे आहेत, आणि पेडल, दांड्या व फिंगर मिळून पेडलाच्या ६० मिलिमीटर चालीस प्रेशर प्लेट १ मिलिमीटर उचलली जाते असे समजू. मग उरलेल्या १२५ मिलिमीटर चालीत उचल मिळाली सुमारे २ मिलिमीटर. ती प्लेटच्या दोन्ही बाजूंस वाटली गेली म्हणजे प्रत्येक बाजूस अवघी १ मिलिमीटर जागा राहिली. आता जुन्या पिनांच्या ढिलाईत पेडलाची आणखी ३५ मिलिमीटर चाल वाया गेली, तर उचल दीड मिलिमीटरवर येते व प्रत्येक बाजूची जागा पाऊण मिलिमीटर होते. त्यात प्लेट किंचित वाकडी असेल तर ती फिरताना घासणारच. प्रत्येक ट्रॅक्टरची मापे निराळी असतात, ती त्याच्या पुस्तिकेतून घ्यावीत. पण हिशेबाची रीत हीच. पेडलापासून प्लेटपर्यंत चाल कोठे कोठे हरवली याचा शोध घेणे म्हणजेच न सुटणाऱ्या क्लचची तपासणी.

क्लच घसरणे हा यापासून वेगळा दोष आहे. घसरणाऱ्या क्लचमध्ये इंजिन जोरात फिरते पण ट्रॅक्टर ओढत नाही. न सुटणाऱ्या क्लचमध्ये ओढ भरपूर असते, ती थांबत मात्र नाही. दोन्ही दोषांचे उपाय एकमेकांच्या उलट असल्यामुळे निदानात गल्लत झाली तर हानी वाढते.

तपासणीपूर्वी

न सुटणारा क्लच घेऊन ट्रॅक्टर चालविणे हा जिवाशी खेळ आहे. गिअर पडत नाही म्हणून काही चालक इंजिन बंद करून गिअर टाकतात आणि गिअरमध्येच स्टार्टर मारतात. अशा वेळी ट्रॅक्टर चालकाची वाट न पाहता पुढे उडी घेतो. ट्रॉली जोडण्यासाठी ट्रॅक्टर मागे घेतला जात असताना मधे उभ्या असलेल्या माणसास तेथून बाजूस होण्यास अवधी मिळत नाही. याहूनही वाईट सवय म्हणजे खाली चाकापाशी उभे राहून स्टार्टरच्या टोकांवर पाना टेकवून इंजिन सुरू करणे. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल व क्लच धरलेला असेल तर मागचे चाक त्याच माणसावर येते. ज्या ट्रॅक्टरांत पेडल दाबल्यावाचून स्टार्टर न फिरण्याची सोय आहे, त्यांतील ती सोय तार जोडून निकामी केली असेल तर प्रथम ती पूर्ववत करावी.

पुढील सर्व तपासणी सपाट जागी, अवजार जमिनीवर टेकवून, किल्ली काढून व चाकांना लाकडी ठोकळे लावून करावी. इंजिन चालू ठेवून करावयाची परीक्षा एकच आहे व ती प्रथम उरकून घ्यावी. रोटाव्हेटर वगैरे काढून ठेवावा, समोर व मागे कोणी नाही हे पाहावे, इंजिन कमी वेगावर ठेवून पेडल पूर्ण दाबावे, दहापर्यंत अंक मोजावेत आणि मग रिव्हर्स गिअर हलक्या हाताने टाकून पाहावा. थांबल्यावर गिअर मुकाट्याने पडला तर क्लच सुटत आहे, केवळ प्लेट स्वतःच्या वेगाने थोडा वेळ फिरत होती. पुष्कळ ट्रॅक्टरांच्या गिअरांत वेग जुळवून घेण्याची सोय नसते, तेथे एवढे थांबणे आवश्यकच आहे. दहा अंकांनंतरही करकर होत असेल तर क्लच खरोखर सुटत नाही. तेथेच थांबावे, गिअरच्या दात्यांवर जोर करू नये.

नवी प्लेट, जुना बेत

दुरुस्तीनंतरच्या तक्रारींत ज्या कारणाकडे सर्वांआधी पाहावयास हवे ते अगदी साधे आहे. क्लच प्लेटचे अस्तर झिजत जाते तसतशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या जवळ जाते, तिचे फिंगर मागे रिलीज बेअरिंगकडे येतात आणि पेडलाची मोकळी चाल कमी होते. मालक किंवा मिस्त्री वेळोवेळी दांडीची लांबी बदलून ही चाल पुन्हा पुरती करून घेतो. अशी दोन-तीन वर्षे गेल्यावर नवी, पूर्ण जाडीची प्लेट बसली म्हणजे फिंगर पुन्हा बेअरिंगपासून दूर जातात. दांडी मात्र झिजलेल्या प्लेटच्या मापाची राहिलेली असते. परिणामी पेडलाची निम्मी चाल बेअरिंग फिंगरांपर्यंत नेण्यातच संपते व उचलीस चाल उरत नाही.

फ्लायव्हीलचा पृष्ठभाग लेथवर घासून घेतला असेल तरीही हेच घडते. जितके घासले तितका क्लचचा सारा जोड पुढे सरकतो आणि बेअरिंग तितके मागे पडते. काही फ्लायव्हीलांत प्लेट टेकण्याची जागा व क्लचचे कव्हर आवळण्याची जागा यांत पायरी असते. तेथे एक जागा घासली तर दुसरी तितकीच घासावी लागते, नाही तर मापे बिघडतात. लेथवाल्याने किती माल काढला हे मालकाने विचारून लिहून ठेवावे.

म्हणून हातात पट्टी घेऊन पेडल बोटांनी हळूच दाबावे. जेथे जड लागू लागेल तेथपर्यंतचे अंतर मोजावे. हीच मोकळी चाल. पुष्कळ ट्रॅक्टरांत ती २० ते ३० मिलिमीटरच्या आसपास ठेवतात, पण नेमका आकडा पुस्तिकेतलाच धरावा. चाल जास्त असेल तर दांडीवरील चेकनट ढिला करून ती नेमक्या मापावर आणावी. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. गिअर पडावा एवढ्याच हेतूने मोकळी चाल पार शून्यावर आणू नये. तसे केल्यास बेअरिंग फिंगरांवर सतत घासत राहून जळते, आणि अस्तर थोडे झिजताच क्लच घसरू लागतो. न सुटण्याचा दोष असा दडविला तर नवी प्लेट थोड्याच काळात वाया जाते.

चाल बरोबर लावूनही क्लच सुटत नसेल तर एकाने पेडल दाबावे व दुसऱ्याने क्लचच्या घराबाहेर आलेल्या आडव्या शाफ्टच्या अर्म्याकडे पाहावे. अर्म्याच्या सुरुवातीच्या व शेवटच्या जागा खडूने खुणाव्यात. पेडल हलते पण अर्मा उशिरा हलू लागतो असे दिसले तर मधल्या पिना, त्यांची छिद्रे व बुश झिजलेले आहेत. नव्या प्लेटसाठी पैसे खर्च करून चार जुन्या पिना तशाच ठेवणे ही खोटी काटकसर होय. अर्मा शाफ्टवरील खाचांत एक दाता चुकून बसविला गेला काय, पेडलाखाली जाड रबर किंवा गोणपाट आले काय, पेडल शेवटपर्यंत जाते काय, हेही याच वेळी पाहून घ्यावे. गावात त्याच मॉडेलचा चांगला चालणारा ट्रॅक्टर असेल तर त्याच्या अर्म्याची चाल मोजून ताडून पाहणे ही फार उपयुक्त पद्धत आहे व तिला खर्च काही नाही.

हाताने चाक फिरवून परीक्षा

बाहेरची चाल पुरेशी आहे असे ठरल्यावर पुढील परीक्षा करावी. पुढची चाके व मागचे एक चाक ठोकळ्यांनी पक्के अडवावे. मागचे दुसरे चाक जॅकने उचलून त्या बाजूस भक्कम लोखंडी घोडी द्यावी. केवळ जॅकवर भरवसा ठेवू नये. हातब्रेक सोडावा, इंजिन बंद असतानाच सर्वांत वेगाचा गिअर टाकावा व एकाने पेडल दाबून धरावे. दुसऱ्याने उचललेले चाक हाताने फिरवून पाहावे.

चाक सहज फिरले तर क्लच सुटत आहे आणि दोष गिअर टाकण्याच्या दांड्यांत किंवा गिअरबॉक्समध्ये शोधावा लागेल. चाक जराही फिरले नाही, किंवा त्याबरोबर इंजिनच फिरू पाहत असेल, तर प्लेट धरलेली आहे. याखेरीज तिसरा प्रकार विशेष बोधक आहे. चाक फिरते, पण थोड्या थोड्या अंतरावर जड होते व पुन्हा हलके होते. चाक अगदी थोडे फिरले की आत प्लेटचा पूर्ण फेरा होतो. म्हणून ठराविक अंतराने येणारा हा जडपणा वाकडी प्लेट किंवा असमान फिंगर यांची खूण आहे. हे कळले म्हणजे ट्रॅक्टर खोलणे अटळ आहे हेही कळते, आणि खोलल्यावर काय पाहावयाचे तेही ठरते.

दुहेरी क्लच

पूर्वीच्या लहान ट्रॅक्टरांत, उदाहरणार्थ इंग्लंडमध्ये तयार होणाऱ्या फर्ग्युसन टी. ई. २० मध्ये, क्लच एकेरी होता. पेडल दाबले की चाकांबरोबर पी.टी.ओ. शाफ्टही थांबे. १९५६ साली निघालेल्या फर्ग्युसन ३५ या नमुन्यात दुहेरी क्लचची सोय आली. तिच्यामुळे ट्रॅक्टर थांबवूनही पी.टी.ओ. चालू ठेवता येऊ लागला. १९६० साली मद्रास येथे स्थापन झालेल्या टॅफे कंपनीने मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने भारतात ट्रॅक्टर काढण्यास आरंभ केला, आणि दुहेरी क्लच आपल्या शेतकऱ्यांच्याही परिचयाचा झाला. रोटाव्हेटरवर काम करणाऱ्यांना त्याचा लाभ ठाऊक आहे.

अशा क्लचमध्ये पेडल अर्ध्यापर्यंत दाबले की चाके सुटतात व पूर्ण दाबले की पी.टी.ओ. सुटतो. यावरून एक फार कामाची खूण मिळते. पेडलाची चाल कमी पडू लागली तर शेवटच्या टप्प्याचे काम आधी बिघडते. म्हणजे गिअर नीट पडतात, ट्रॅक्टर थांबतो, पण रोटाव्हेटरची पाती फिरतच राहतात. दुरुस्तीनंतर असे दिसले तर ते क्षुल्लक समजू नये. पातींत अडकलेले गवत किंवा धुऱ्यावरील वेल काढण्यासाठी माणूस पेडल दाबलेल्या चालकाच्या भरवशावर हात घालतो व अपघात होतो. क्लच नवा असो वा जुना, इंजिन बंद केल्यावाचून रोटाव्हेटरला हात लावू नये. या क्लचमध्ये पी.टी.ओ.च्या टप्प्याचे बोल्ट वेगळे जुळवावे लागतात. काही मॉडेलांत ते घराच्या बाजूच्या खिडकीतून जुळवता येतात, त्यासाठी ट्रॅक्टर खोलण्याची गरज नसते. सर्व बोल्टांची फट फीलर गेजने सारखी ठेवावी.

आत काय चुकते

ट्रॅक्टर खोलावाच लागला तर सर्वप्रथम क्लच प्लेट कोणत्या बाजूने बसविली होती ते पाहावे. प्लेटच्या मधल्या भागाची एक बाजू जास्त पुढे आलेली असते. बहुतेक क्लचांत ती गिअरबॉक्सकडे असावी लागते. उलटी बसली तर ती फ्लायव्हीलच्या बोल्टांवर टेकते व प्लेट कधीच मोकळी होत नाही. कित्येक प्लेटांवर फ्लायव्हीलकडील बाजू लिहिलेली असते. तो मजकूर पुसला गेला असेल तर जुन्या प्लेटवरील घासल्याच्या खुणांवरून ती ओळखावी. याच कारणासाठी दुरुस्तीच्या वेळी जुनी प्लेट मागून घेऊन घरी ठेवावी. नवी व जुनी शेजारी ठेवून व्यास, खाचांची संख्या व मधल्या भागाची उंची ताडून पाहिली की चुकीचा भाग दुकानातच परत करता येतो.

नवी प्लेट जोडण्यापूर्वी गिअरबॉक्सच्या शाफ्टवर एकटी सरकवून पाहावी. ती कोठेही न अडकता पुढे-मागे गेली पाहिजे. खाचांवर गंज असेल तर बारीक कानशीने काढावा, उंचवटा असेल तर तो घासावा आणि ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. जास्त ग्रीस दिल्यास ते फिरताना उडून अस्तरावर बसते व धूळ धरून खाचांतही घट्ट होते. या एका मिनिटाच्या परीक्षेकडे घाईच्या दिवसांत हमखास दुर्लक्ष होते.

फ्लायव्हीलच्या मध्यभागी शाफ्टचे टोक पेलणारे एक लहान बेअरिंग किंवा पितळी बुश असते. ते जाम झाले तर क्लच उत्तम सुटूनही शाफ्ट इंजिनबरोबर फिरत राहतो व दोष क्लचवर येतो. त्याची किंमत थोडी असते. ट्रॅक्टर खोललाच आहे तर ते बदलणे शहाणपणाचे आहे. रिलीज बेअरिंग उलटे बसले काय, फोर्क वाकला किंवा आपल्या टेकणापासून निसटला काय, हेही पाहावे.

फिंगरांचा क्लच असेल तर तिन्ही फिंगरांची उंची सारखी हवी. एक फिंगर उंच राहिला तर बेअरिंग त्यालाच आधी दाबते, प्रेशर प्लेट तिरपी उचलली जाते आणि दुसरीकडे ती प्लेटवर टेकूनच राहते. ही उंची नवी प्लेट आत ठेवून मापावी, जुनी ठेवून नव्हे, व निर्मात्याने दिलेल्या गेजनेच मापावी. डोळ्यांच्या अंदाजाने हे काम होत नाही. एकसंध पाकळ्यांच्या स्प्रिंगचा क्लच असेल तर हे जुळवणे नसते. पाकळ्यांची टोके एका पातळीत नसतील तर तो भाग बदलावा लागतो.

जुन्या प्लेटला गावातच नवे अस्तर रिबिटांनी बसवून घेण्याची रीत आहे. ती अगदीच टाकाऊ नव्हे, पण त्यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. अस्तर मूळ जाडीचेच हवे; जाड अस्तर जास्त दिवस टिकते हा समज चुकीचा असून त्यामुळे फिंगर बेअरिंगपासून दूर जातात व प्लेट सुटण्यास जागा उरत नाही. तसेच दोन अस्तरांमधील लवचीक पत्रे चपटे झाले असतील किंवा प्लेट वाकडी असेल तर नवे अस्तर लावून उपयोग नाही. क्लचच्या घरातील जुनी धूळ फुंकून किंवा हवेच्या नळीने उडवू नये. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते व त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून काढावी व ते फडके पुरून टाकावे.

दोन भाग जोडताना

वरील सर्व भाग निर्दोष असूनही क्लच बिघडतो तो ट्रॅक्टरचे दोन भाग जोडण्याच्या घटकेस. मागील भाग जड असतो. त्याचा शाफ्ट प्लेटच्या खाचांत शिरला, पण दोन्ही घरे अजून बोटभर दूर आहेत, अशा वेळी जॅक सरकला किंवा मागचा भाग तिरपा टेकला तर सारे ओझे प्लेटच्या मधल्या भागावर लोंबते. प्लेट तत्काळ वाकते. बाहेरून काहीच दिसत नाही, जोडणी पूर्ण होते आणि चालवून पाहिल्यावर क्लच सुटत नाही. नव्या प्लेटचा असा नाश करण्यास अर्धा मिनिट पुरतो.

हे टाळण्यासाठी खालची जमीन पक्की हवी. ओल्या अंगणात जॅक रुततो. म्हणून फरशी किंवा जाड फळ्या वापराव्यात. प्लेट मध्यभागी आणण्यासाठी डमी शाफ्ट घालूनच कव्हरचे बोल्ट आवळावेत, तेही समोरासमोरचे थोडे थोडे, फिरवत फिरवत. घरांच्या दोन बाजूंस लांब बोल्ट वाटाडे म्हणून लावावेत, म्हणजे मागचा भाग सरळ रेषेत येतो. शाफ्ट खाचांत शिरत नसेल तर फ्लायव्हील किंचित फिरवावे. घरांमधील फट बोल्ट आवळून ओढून बुजवू नये. फट राहते याचा अर्थ आत काही तरी अडलेले आहे. दोन्ही घरांची जागा नेमकी ठेवणाऱ्या लहान खुंट्या हरवल्या असतील तर त्या नव्या बसविल्यावाचून जोडणी करू नये. शक्य असल्यास जोडणीच्या वेळी मालकाने स्वतः हजर राहावे. मिस्त्री निष्णात असला तरी अशा कामास चार हात लागतात.

ट्रॅक्टर चालविण्याचे व त्याची निगा राखण्याचे पद्धतशीर शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या तरुणांसाठी मध्य प्रदेशातील बुधनी येथे १९५५ साली सुरू झालेली केंद्र सरकारची संस्था आहे. गावात असा एक जाणता असला तर हंगामात त्याचा मोठा आधार होतो.

धान गिरणीवर किंवा बाजारात नेण्यासाठी ज्यांच्याकडे जीप किंवा पिकअप आहे त्यांच्या गाडीत पेडलाचा जोर पुष्कळदा दांड्यांऐवजी तेलाच्या नळीतून जातो. अशा गाडीत दुरुस्तीनंतर क्लच सुटत नसेल तर पेडल पाच-सहा वेळा भराभर दाबून पाहावे. त्यानंतर गिअर पडू लागला तर नळीत हवा राहिली आहे किंवा कोठे तरी गळती आहे. टाकी भरलेली ठेवून एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने खालच्या सिलिंडरचा निपल उघडून हवा जाऊ द्यावी, आणि पेडल वर येण्यापूर्वीच निपल बंद करावा. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालू ठेवावे. त्यात ठरवून दिलेले ब्रेक ऑइलच घालावे. इंजिन ऑइल घातल्यास आतील रबरी वायसर फुगून निकामी होतात.

गंजाने चिकटलेली प्लेट

कधी कधी दुरुस्ती निर्दोष असते व चालवूनही पाहिलेली असते. ट्रॅक्टर महिनाभर पावसात उभा राहतो आणि मग क्लच सुटत नाही. क्लचच्या घरात पाणी किंवा दमट हवा शिरून प्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटते. चिखलणीत पाणी आत जाऊ नये म्हणून घराच्या तळाच्या छिद्रास बूच बसवावे आणि काम संपताच ते काढावे, असे कित्येक निर्मात्यांच्या पुस्तिकांत सांगितलेले असते. बूच लावण्याचे लक्षात राहते, काढण्याचे राहत नाही. मग आत शिरलेले पाणी व तेल तेथेच साठते.

चिकटलेली प्लेट सोडविण्यासाठी खिडकीतून रॉकेल, डिझेल किंवा गंज सोडविणारे तेल ओतू नये. ते अस्तरात मुरते व प्लेट कायमची घसरते. प्रथम पेडल लाकडी दांड्याने दाबून रात्रभर ठेवावे; पुष्कळदा एवढ्याने प्लेट सुटते. न सुटल्यास अनुभवी चालकाने मोकळ्या, सपाट मैदानात, अवजार व ट्रॉली काढून, इंजिन गरम करून बंद करावे. मग कमी वेगाच्या गिअरमध्ये पेडल दाबूनच ते सुरू करावे. ट्रॅक्टर तत्क्षणी चालू लागेल हे धरून चालावे व जवळ कोणासही उभे राहू देऊ नये. पेडल दाबलेलेच ठेवून इंजिनचा वेग कमी-जास्त करावा व मधून मधून दोन्ही ब्रेक एकत्र हलके दाबावेत. तीन-चार प्रयत्नांत प्लेट सुटली नाही तर इंजिन बंद करण्याची दांडी ओढून थांबवावे व ट्रॅक्टर खोलावा.

रोवणी संपल्यावर ट्रॅक्टर बरेच दिवस उभा राहणार असेल तर तळाचे बूच काढून छिद्र तारेने मोकळे करावे, ट्रॅक्टर छपराखाली न्यावा आणि पेडल दाबून त्याखाली अडकण किंवा लाकडी ठोकळा लावून ठेवावा, म्हणजे प्लेट मोकळी राहते व चिकटत नाही. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून हातब्रेक ओढावा, आणि पेडल अडकविले आहे अशी चिठ्ठी स्टिअरिंगला बांधावी. ट्रॅक्टर पुन्हा काढणारा माणूस बहुधा दुसराच असतो.